‘सिलेक्शन’ या शब्दापाशी थांबलेली वही

ताई, सप्रेम नमस्कार.

मी नाशिकची. वय ३८. बी.कॉम. झाल्यावर संसारात पडले, आता दोन वर्षांपासून एका पतसंस्थेत काम करते. इंग्रजी वाचता येतं, पण शब्द कमी पडतात. भाची म्हणाली, शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तकं पाठ करत बसू नकोस, साध्या इंग्रजीतलं एखादं छोटं पुस्तक घे आणि त्यातले शब्द वहीत लिही. तिनंच तिच्याकडचं ‘नाईट’ दिलं, एली वीझेल यांच्या नाझी छळछावणीतल्या आठवणींचं पुस्तक. रोज रात्री भांडी आवरली की दहा पानं आणि शेजारी शब्दकोश, असं चाललं होतं. वहीत १४० शब्द झाले.

मागच्या आठवड्यात माझ्या मुलाची जिल्ह्याच्या खो-खो संघात निवड झाली. “आई, सिलेक्शन झालं!” म्हणत तो धावत आला. पेढे वाटले. रात्री पुस्तक उघडलं, तर पानावर तोच शब्द. मला येतो म्हणून तो मी वहीत लिहिलाच नव्हता. पुढचं वाचलं आणि पुस्तक मिटलं, ते अजून मिटलेलंच आहे. जाऊबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “इतक्या माणसांच्या मरणावर तू इंग्रजी सुधारतेस? हे तर मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं झालं.” ते मनाला लागलं. मी चुकतेय का? पुस्तक परत करू का? आणि शिकायचंच असेल तर कसं शिकू? मुलगा १२ वर्षांचा आहे, त्यालाही वाचायचंय. देऊ का?

– एक वाचक, नाशिक

*

पुस्तक परत करू नका. भाचीला कळवा, अजून महिनाभर लागेल.

तुम्ही ज्या शब्दापाशी थांबलात तिथूनच सुरुवात करते. आपल्याकडे सिलेक्शन म्हटलं की पेढे येतात. नोकरीत, कॉलेजात, संघात, निवडला गेला तो भाग्यवान. पोलंडमधल्या आउश्वित्झ या नाझी छावणीला ज्यूंची गाडी लागली की फलाटावर एसएसचा, म्हणजे नाझींच्या खास सशस्त्र दलाचा, डॉक्टर उभा असे. उतरलेल्या माणसांपैकी कामाला कोण चालेल आणि कोण नाही, हे तो काही क्षणांत ठरवी. म्हातारी माणसं, आजारी माणसं, लहान मुलं आणि त्यांच्या आया यांची रवानगी सरळ विषारी वायूच्या कोठड्यांकडे होई. जे वाचले त्यांच्या वाट्याला छावणीत पुन्हा पुन्हा तेच येई. उघड्या अंगानं डॉक्टरसमोरून जायचं, आणि ज्याचा नंबर लिहून घेतला तो गेला. कैदी आपसांत ‘सिलेक्शन’ म्हणत ते याला. निवड व्हावी म्हणून आपण देवाला नवस करतो, तिथली माणसं निवड होऊ नये म्हणून गालात रक्त यावं अशी पळत.

हा शब्द तुम्ही वहीत घेतला नाहीत, कारण तो तुम्हाला ‘येत’ होता. या पुस्तकातले अवघड शब्द शब्दकोशात अवघड नाहीतच. वीझेल कुटुंब आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ या भागात उतरलं तेव्हा कानावर पडलेली आज्ञा आठवा. पुरुष डावीकडे, बायका उजवीकडे. इंग्रजीत ते आठ शब्द भरतात, आणि लेखकानं ते मोजून सांगितले आहेत. पहिलीतल्या पोराला येतील असे आठ शब्द. तेवढ्यात आई आणि धाकटी बहीण त्सिपोरा कायमच्या दुरावल्या, आणि पंधरा वर्षांच्या त्या मुलाला तेव्हा ते कळलंही नाही. तुमच्या १४० शब्दांत डावीकडे आणि उजवीकडे हे दोन शब्द नसणार. आता ते लिहून ठेवा.

जाऊबाईंच्या बोलण्याकडे येते. त्यांचा राग मला परका वाटत नाही. कुणाच्या दुःखाचा आपल्या कामासाठी वापर होताना दिसला की चांगल्या माणसाला चीड येतेच. पण त्यांना या पुस्तकाच्या जन्माची गोष्ट सांगा.

वीझेल १९२८ साली सिगेत या गावी जन्मले. गाव रुमानियातलं, पण १९४० पासून हंगेरीच्या ताब्यात. घरात यिडिश ही ज्यूंची बोली, प्रार्थनेला हिब्रू, बाजारात हंगेरियन आणि रुमानियन. १९४४ च्या मे ते जुलै या जेमतेम आठ आठवड्यांत हंगेरीतून सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यूंना गाड्यांत कोंबून नेलं, त्यातले बहुतेक आउश्वित्झला. जनावरांच्या एकेका डब्यात ऐंशी माणसं. १९४५ च्या जानेवारीत जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत वडील वारले, ११ एप्रिलला ती छावणी सुटली. अनाथ मुलांच्या एका जथ्याबरोबर हा मुलगा फ्रान्सला पोचला आणि तिथं फ्रेंच शिकला. या विषयावर दहा वर्षं काही लिहायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मग आधी यिडिशमध्ये सविस्तर लिहिलं, ते १९५६ साली अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयरिसला छापलं गेलं. ते कापून, आवळून १९५८ साली फ्रेंच पुस्तक झालं. तुम्ही वाचताय तो त्या फ्रेंच पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद. पहिला १९६० साली आला, दुसरा २००६ साली. दुसरा त्यांच्या पत्नी मॅरियन यांचा आहे. तुमची प्रत कोणती ते बघा, दुसरी असेल तर उत्तम.

म्हणजे ज्या पुस्तकातून तुम्ही परकी भाषा शिकताय, ते एका विद्यार्थ्यानंच लिहिलंय, छावणीतून सुटल्यावर नव्यानं शिकलेल्या भाषेत. त्याला तुमच्या वहीचं वाईट वाटलं असतं असं मला वाटत नाही.

आउश्वित्झमधल्याच दुसऱ्या माणसाचं सांगते. प्रिमो लेव्ही, तुरीनचे रसायनशास्त्रज्ञ. १९४४ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या फोसोलीहून ६५० माणसांना घेऊन निघालेल्या गाडीत ते होते. पुढं तेही आउश्वित्झच्या बुना-मोनोविट्झ छावणीतच, जिथं वीझेल आणि त्यांचे वडील राबत होते. लेव्हींनी लिहून ठेवलंय की त्यांच्याबरोबरच्या पुष्कळ इटालियन माणसांचा जीव पहिल्या काही आठवड्यांत गेला, आणि त्याचं एक मोठं कारण भाषा. आज्ञा जर्मनमध्ये. कळली नाही की तीच आज्ञा ओरडून, आणि तरी नाही कळली तर काठीनं. बूट कुठं मिळतात, रांग कुठली, कोणाच्या वाटेला जायचं नाही, हे विचारायलाही शब्द नाहीत. लेव्हींना रसायनशास्त्राच्या पुस्तकांतून थोडं जर्मन येत होतं. ते पुरेना, तेव्हा त्यांनी आल्सेसच्या, म्हणजे फ्रान्सच्या जर्मन सीमेकडच्या, एका कैद्याला गाठलं आणि त्याच्याकडून रात्री झोप लागण्याआधी, कुजबुजत, जर्मनचे धडे घेतले. फी दिली पावाची. पोटात खड्डा पडलेला माणूस हातातला पाव देऊन शब्द विकत घेतो, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला उठून चार पावलं चालावं लागलं होतं.

लेव्हींच्या आउश्वित्झवरच्या पहिल्या पुस्तकात, ‘इफ धिस इज अ मॅन’मध्ये, उलटा प्रसंगही आहे. ज्याँ नावाच्या तरुण कैद्याला इटालियन शिकायचं असतं. सूपचं पिंप आणायला दोघं निघतात, जायला-यायला तासभर. तेवढ्या वेळात लेव्ही त्याला शिकवायला इटालियन महाकवी दान्तेच्या काव्यातला युलिसिसचा सर्ग आठवू लागतात. ओळी अर्ध्याच आठवतात, मधल्या तुटतात, आणि त्या सांधायला मिळाल्या तर आजचं सूप सोडून देईन असं त्यांना वाटतं. तिथं सूप सोडणं म्हणजे काय, हे तुम्ही आता जाणता.

शब्द शिकणं ही तिथं जगण्याची धडपड होती. लोणी खाणारा मढ्याच्या चेहऱ्याकडे बघत नाही. तुम्ही बघितलात, म्हणून तर पुस्तक मिटावं लागलं. जाऊबाईंना हे माझ्या नावानं सांगा, आणि जमलं तर त्यांना एक प्रकरण मराठीत सांगून दाखवा. त्या ऐकतील.

चुकण्याची जागा मात्र आहे, आणि तिथं मी स्वतः चुकले आहे. शिकवत होते तेव्हा नववीच्या वर्गाला फाळणीत घर सोडून आलेल्या एका बाईच्या आठवणींचा उतारा इंग्रजीत दिला होता. खाली नेहमीचा प्रश्न, पुढील शब्द आपल्या वाक्यात वापरा. त्यात ‘पळून जाणं’ या अर्थाचा शब्द होता. मुलांनी लिहिलं, मांजर स्वयंपाकघरातून पळालं, चोर पळाला. एका मुलीनं ती जागा कोरी सोडली. मी तिचा गुण कापला. तिची आजी सिंधमधून नेसत्या वस्त्रानिशी आली होती, हे मला वर्ष संपताना कळलं. त्या मुलीला तो शब्द वर्गात सगळ्यांपेक्षा चांगला येत होता. तिची माफी मागायची राहून गेली.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती, या पुस्तकातल्या सगळ्याच शब्दांची ‘आपली वाक्यं’ करू नका. पावाचं रॅशन, अफवा, विनवणं, फरफटत नेणं, अंथरूण, गर्दी, हे शब्द घरात आणा, ऑफिसात वापरा. रॅशन तर आपल्या रेशनकार्डातच आहे. पण धुराची चिमणी, फाशी, सिलेक्शन, छावणी यांच्यापुढे पुस्तकातलंच वाक्य उतरवून घ्या, पान क्रमांकासकट. ते शब्द तिथेच राहू देत.

आता वाचायचं कसं. आधी शब्दकोश लांब ठेवा, पेनही. पुस्तक सव्वाशे पानांच्या आतबाहेर आहे, वाक्यं तुटक आणि छोटी. शब्द कसे शिकले जातात याचा जन्मभर अभ्यास केलेले न्यूझीलंडचे पॉल नेशन यांच्या म्हणण्यानुसार, मजकूर विनासायास समजायला त्यातले शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे तीनशे शब्दांच्या पानात पाच-सहा अनोळखी असले तरी चालतं. तुमच्या पानात याहून फार जास्त नसणार. ते सोडून पुढं जा. वडील-मुलाच्या मागे जा, शब्दांच्या नाही. पूर्ण वाचून झालं की चार दिवस जाऊ द्या आणि मग वही घेऊन पुन्हा बसा. एका बैठकीला पाच शब्द, सहावा नको. १४० शब्दांतले निम्मे आत्ताच पुसट झाले असतील, बघा.

कुठले पाच? पहिल्याच पानावरचा ‘बीडल’ घेऊ नका. मोशे बीडल हे पात्र विसरू नका, पण तो शब्द तुम्हाला पतसंस्थेत कधी लागायचा नाही. सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, झाडलोट, दिवाबत्ती बघणारा तो बीडल, आपल्याकडच्या गुरवासारखा. एवढं कळलं की पुरे. सिनेगॉग पाहायचं तर पुण्याचं लाल देऊळ आहे. कोकणातले बेने इस्रायली ज्यू आपल्या सिनेगॉगला मशीद म्हणत आले, आणि त्यांची घरची भाषा तुमची-माझीच. पेणकर, रोहेकर, नागावकर ही आडनावं ज्यूंचीही असतात, हे मुलाला जरूर सांगा.

उलट जे शब्द आपल्याला फसवतात त्यांच्यावर वेळ घालवा. ‘क्रिमेटोरियम’ घ्या. शब्दकोश म्हणेल दाहगृह, आणि डोळ्यांसमोर आपली विद्युतदाहिनी येईल. तिथंच घोटाळा होतो. आपल्याकडे अग्नी देणं हा शेवटचा मान. ज्यू धर्मात मृताला माती द्यायची असते, जाळणं निषिद्ध. म्हणजे त्या माणसांना मारलं तर मारलं, त्यांच्या धर्मानं सांगितलेली मूठभर मातीही ठेवली नाही. म्हणूनच मृतांसाठी म्हणायची ‘कॅडिश’ ही प्रार्थना आउश्वित्झला पोचल्याच्या रात्री लोक स्वतःसाठीच म्हणू लागतात, असं वीझेल लिहितात. मागं म्हणायला कोणी उरणार नव्हतं. हे सगळं तुमच्या वहीत ‘क्रिमेटोरियम’पुढे यायला हवं. शब्दकोशातला अर्थ बरोबर असूनही आपण चुकीचं समजू शकतो, ते असं.

‘इव्हॅक्युएशन’ही तसाच. २०१९ च्या पुरात सांगली-कोल्हापूरकडे लोकांना बोटीतून सुरक्षित जागी हलवलं, ते इव्हॅक्युएशन. १९४५ च्या जानेवारीत रशियन सैन्य जवळ आलं तेव्हा एसएसनं आउश्वित्झच्या छावण्यांतून जवळजवळ साठ हजार कैद्यांना बर्फातून पायी हाकललं. मागं पडेल त्याला गोळी. कागदावर त्यालाही इव्हॅक्युएशनच म्हणत. वीझेल तेव्हा पायाच्या शस्त्रक्रियेनंतर छावणीच्या इस्पितळात होते. मागं राहिलेल्यांना मारून टाकतील या भीतीनं बापलेक निघाले. इस्पितळात मागं राहिलेल्यांची रशियनांनी सुटका केली, हे त्यांना युद्धानंतर कळलं. त्याच इस्पितळात लेव्ही लाल तापानं पडले होते, म्हणून ते २७ जानेवारीपर्यंत तिथंच राहिले आणि वाचले. एका शब्दाच्या आत हे सगळं आहे.

इथं माझं एक ठाम मत आहे. अशा पुस्तकात शब्दाचा अर्थ विचारण्याआधी तो कुणाच्या तोंडचा आहे ते विचारायचं. मारणाऱ्यांचे शब्द स्वच्छ, कचेरीतले असतात. ठार मारण्याला नाझी कागदपत्रांत ‘विशेष वागणूक’ म्हणत. पूर्वेकडे मरायला पाठवण्याला ‘स्थलांतर’. एका संपूर्ण समाजाला संपवण्याच्या बेताला ‘अंतिम तोडगा’, ज्याच्या अंमलबजावणीसाठी २० जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमधल्या वानझे इथं अधिकाऱ्यांची बैठक झाली. ड्रेस्डेनचे ज्यू भाषातज्ज्ञ व्हिक्टर क्लेम्पेरर यांनी नाझींची ही भाषा रोजनिशीत टिपून ठेवली. रोजनिशी सापडली असती तर जीव गेला असता. १९४७ साली त्यावर त्यांचं पुस्तक आलं.

कैद्यांचे शब्द वेगळे. ‘ऑर्गनाइझ करणं’ म्हणजे कुठूनतरी गुपचूप मिळवणं, एखादा बटाटा, चिंधी, चमचा. लुटलेल्या मालाच्या कोठाराला ते ‘कॅनडा’ म्हणत, कारण कॅनडा म्हणजे सुबत्तेचा देश. आणि तिसरे शब्द साक्षीदाराचे, परत आल्यावर शोधलेले. ते शोधणं किती कठीण, हे लेव्हींनी सांगितलंय. आपण म्हणतो भूक, थकवा, भीती, हिवाळा, पण हे स्वतंत्र माणसांनी घडवलेले शब्द, तिथल्या भुकेला ते पुरे पडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तुमच्या वहीत अर्थाच्या आधी एक छोटी खूण करा, मारणाऱ्याचा, कैद्याचा की लेखकाचा. पाचच शब्द असले की हे जमतं.

आणि मराठीला सोबत घ्या. ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’चा शब्दशः अर्थ फक्त माणसं एकत्र ठेवायची छावणी. त्यात छळाचा मागमूस नाही. आपण म्हणतो छळछावणी. आपल्या भाषेनं झाकण काढून ठेवलंय. मात्र ट्रेब्लिंका, सोबीबोर यांना नुसतं छळछावणी म्हणून भागत नाही. तिथं आलेल्या जवळजवळ सगळ्यांना त्याच दिवशी मारत, त्या मृत्युछावण्या. आउश्वित्झ दोन्ही होतं, आणि तिथं सुमारे ११ लाख माणसं मारली गेली. ‘होलोकॉस्ट’ हा शब्द ग्रीक, मूळ अर्थ पूर्ण जाळून दिलेला बळी, आपल्या आहुतीच्या जवळ जाणारा. पण आहुती श्रद्धेनं देतात. म्हणून पुष्कळ ज्यूंना तो शब्द नको वाटतो, ते हिब्रूतला ‘शोआ’ वापरतात, म्हणजे महाआपत्ती. मराठीत कुणी भाषांतर करताना आहुती, होम असं काही लिहिलं तर ते खोडा. ज्यूंचं शिरकाण हा आपला रुळलेला शब्दप्रयोग जास्त खरा आहे.

वाक्य वहीत उतरवलं की एकदा ते मोठ्यानं मराठीत म्हणून बघा. अडखळाल. जिथं अडखळाल तो शब्द तुम्हाला अजून आलेला नाही, आणि पाठांतरानं तो येणारही नाही, त्यासाठी मागची दोन पानं पुन्हा वाचावी लागतील. रात्री झोपण्याआधी मात्र वाचू नका. रविवारी सकाळी, उजेडात वाचा. एखाद्या दिवशी पाचही शब्द लिहावेसे वाटले नाहीत तर कोरी वही मिटा.

मुलाला एवढ्यात देऊ नका, दोन-तीन वर्षं थांबा. विचारेल तेवढं तोंडी सांगा, खोटं काही सांगू नका. पुढं तो वाचेल तेव्हा तुम्ही शेजारी असा.

‘नाईट’ संपल्यावर लेव्हींचं आउश्वित्झवरचं पहिलं पुस्तक घ्या, इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. भाषा जरा जड आहे, पण सूपच्या पिंपाचं ते प्रकरण सुटं वाचता येईल, तेवढं आधी वाचा. आणि मुलाच्या सामन्यांचं काय झालं, तेही लिहा.